व्हॅक ड्रेसिंग: यंत्र भाड्याने घेण्याआधी

गाडीवरून पडून पायाची कातडी सोलून निघाली, नडगीचं हाड उघडं पडलं किंवा ऑपरेशननंतर टाके उसवून खड्डा झाला, की दोन-तीन दिवसांत राउंडला आलेले डॉक्टर म्हणतात, "व्हॅक लावू या." नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी येते, खालच्या मेडिकलमध्ये किटची किंमत ऐकून घाम फुटतो, आणि कुणीतरी सांगतं की यंत्र भाड्यानेही मिळतं. व्हॅक म्हणजे जखम हवाबंद करून पंपाने ओढत ठेवणारं ड्रेसिंग, आणि या एकाच नावाखाली मिळणाऱ्या चार वेगवेगळ्या वस्तूंचं हे परीक्षण आहे. चारही हवाच ओढतात, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

रचना साधी आहे. जखमेत जाळीदार फोम, त्यावर पारदर्शक चिकट फिल्म, फिल्मला भोक पाडून त्यावर नळीचं पॅड आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पंप. पंप ओढू लागला की फोम आक्रसतो, जखमेतलं पाणी डब्यात येतं, सूज उतरते, कडा जवळ येतात आणि तळाशी लाल दाणेदार मांस भरू लागतं. अमेरिकेत वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या लुई अर्जेंटा आणि मायकेल मोरिक्वास यांनी डुकरांवर केलेले प्रयोग १९९७ साली छापून आले. उणे १२५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला जखमेभोवतीचा रक्तप्रवाह चौपट झाला होता, आणि ४०० च्या पुढे तो उलट घटला होता. यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर बहुतेक वेळा १२५ दिसतो, तो तिथून आलेला. दाब वाढवला तर जखम लवकर भरेल हा समज त्याच प्रयोगाने खोटा पाडलाय. वाढवल्याने दुखतं मात्र नक्की.

आता यंत्र विकणारा जे सांगत नाही ते. नडगी-मांडीच्या उघड्या, गंभीर फ्रॅक्चरच्या जखमांवर ब्रिटनमध्ये ४६० रुग्णांचा वुल्फ नावाचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना व्हॅक, अर्ध्यांना साधं ड्रेसिंग. वर्षभरानंतरचं अपंगत्व असो की पहिल्या महिन्यातला खोलवरचा जंतुसंसर्ग, कशातच म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मोठ्या अपघातातल्या फ्रॅक्चरच्या ऑपरेशननंतर शिवलेल्या जखमेवर लावायच्या व्हॅकचा व्हिस्ट हा अभ्यास तर १५४८ रुग्णांचा, २०२० चा. महिन्याभरात खोल संसर्ग व्हॅकवाल्यांत ५.८४ टक्के, साध्या ड्रेसिंगवाल्यांत ६.६८ टक्के. म्हणजे फरक मोजण्याजोगा नाहीच.

मग लावायचा कशाला? कारण दिवसातून दोनदा सलाइनची गॉज बदलताना रुग्ण दोनदा ओरडतो, आणि व्हॅक दोन-तीन दिवसांतून एकदाच उघडतात. चादर भिजत नाही, रोज किती पाणी आलं ते डब्यावर मोजता येतं, फिजिओथेरपिस्ट रुग्णाला बसवू-उठवू शकतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जखम झाकलेली राहते आणि प्लास्टिक सर्जन गाठायला वेळ मिळतो. ही वेळ मात्र बेताचीच असते. उघड्या फ्रॅक्चरवर ७२ तासांत कातडी-मांसाचं पक्कं आवरण यावं असं ब्रिटनच्या अस्थिरोग तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हाड उघडं आहे, प्लास्टिक सर्जनचा पत्ता नाही आणि तिसऱ्यांदा व्हॅक बदलतायत, असं चाललं असेल तर प्रश्न यंत्राचा नाही. दुसऱ्या हॉस्पिटलला हलवायचं का, हे त्याच दिवशी विचारा.

पहिला प्रकार वॉर्डातला देशी व्हॅक. ऑटोक्लेव्ह केलेला (वाफेने निर्जंतुक केलेला) फोम किंवा गॉज, त्यात रायल्स ट्यूब (एरवी नाकातून पोटात घालतात ती नळी), वर ऑपरेशन थिएटरमधली चिकट शीट आणि नळी भिंतीतल्या सक्शनला. सरकारी हॉस्पिटलांत वर्षानुवर्षं हेच चालतं, आणि हात बसलेला असेल तर काम चोख होतं. याला नाक मुरडायचं कारण नाही. पण तीन गोष्टी बघाव्या लागतात. भिंतीतलं सक्शन पूर्ण सोडलं तर १२५ च्या कितीतरी पट ओढू शकतं, म्हणून मधे कमी दाबाचा रेग्युलेटर हवाच. नुसत्या अंदाजाने चावी फिरवलेली चालत नाही. दुसरं फोमचं. गादीवाल्याकडचा प्रत्येक फोम चालत नाही, त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली असावी लागतात. कापून उरलेल्या तुकड्यातून फुंकर मारून बघायची. हवा सहज आरपार गेली तर ठीक, अडली तर तो फोम पाणी ओढणार नाही, नुसता वर बसून राहील. तिसरी गोष्ट म्हणजे भिंतीला अलार्म नसतो. रात्री दोनला नळी निसटली तर सकाळच्या ड्युटीची सिस्टर येईपर्यंत कुणाला कळत नाही, आणि तोवर बंद फिल्मखाली पाणी साचून जखम कुजायला लागते. शिवाय रुग्ण खाटेला बांधलेला. चार-पाच दिवसांसाठी, वॉर्डातच आणि रेग्युलेटर असेल तर पैसे वाचवायला हा उत्तम. घरी न्यायचा प्रश्नच नाही.

दुसरा प्रकार म्हणजे खरा, डब्याचा फिरता व्हॅक, आणि अपघाताच्या बहुतेक खोल जखमांना हाच घ्यावा. केसीआय कंपनीचा अ‍ॅक्टिव्हॅक हा यातला जुना जाणता. वजन किलोभर, डबा ३०० मिलिलिटरचा, बॅटरी पूर्ण भरली तर १४ तासांपर्यंत. केसीआय २०१९ मध्ये थ्रीएमने घेतली आणि २०२४ मध्ये थ्रीएमचा हा विभाग सोल्व्हेंटम नावाने वेगळा झाला, त्यामुळे एकाच मालावर तीन नावं दिसली तर नकली समजून परत करू नका. स्मिथ अँड नेफ्यूचं रेनासिस याच वर्गातलं. भारतीय बनावटीची यंत्रंही आता भरपूर आहेत आणि पंप म्हणून बरीचशी पुरेशी आहेत. पंपाची जात बघण्यापेक्षा तीन चाचण्या घ्याव्यात. यंत्र घेऊन आलेल्या माणसासमोर नळी उघडी सोडा: गळतीचा अलार्म वाजला पाहिजे. नळी दुमडून धरा: अडथळ्याचा अलार्म वाजला पाहिजे. चार्जर काढून ठेवा आणि बॅटरी किती तास टिकते ते घड्याळ लावून बघा. भाड्याच्या यंत्राची बॅटरी दमलेली असते, ही या धंद्यातली नेहमीची रड. गावाकडे भारनियमन असेल तर कागदावरच्या तासांना अर्थ नाही. प्रत्यक्ष सहा तासांखाली टिकत असेल तर यंत्र बदलून मागा किंवा इन्व्हर्टरची सोय करा.

बॅटरीवर एवढा जोर देण्याचं कारण असं की चोवीस तासांत मिळून दोन तासांपेक्षा जास्त वेळ पंप बंद राहिला तर फोम जखमेत ठेवायचा नसतो. ओढणं थांबलं की तो ओला स्पंज बनतो आणि जंतूंना उबदार घर मिळतं. तेव्हा सगळं काढून सलाइनने जखम धुवायची आणि ओलसर गॉजचं साधं ड्रेसिंग करायचं. हे घरी करायची वेळ येणार असं धरूनच डिस्चार्जच्या आधी सिस्टरकडून एकदा समोर करून दाखवून घ्या, आणि घरी दोन सलाइनच्या बाटल्या, निर्जंतुक गॉज, हातमोजे नि पट्ट्या काढून ठेवा.

तिसरा, खिशात मावणारा बिनडब्याचा. पिको हा त्यातला प्रसिद्ध: दोन पेन्सिल सेलवर चालतो, दाब ८०, सात दिवस झाले की पंप टाकून द्यायचा. येणारं पाणी ड्रेसिंगमध्येच शोषलं जातं आणि वरून हवेत उडतं. शिवलेली, कोरडी जखम, जाडजूड रुग्ण, मधुमेह, पोटाचा किंवा कंबरेचा लांब टाका, अशा ठिकाणी हा सोयीचा. प्रिव्हेना हाही शिवलेल्या जखमेसाठीच, १२५ वर चालणारा, पण त्याला छोटा डबा असतो. गोंधळ होतो तो असा: दिवसाला दीडशे मिलिलिटर पाणी येणाऱ्या खड्ड्याला "लहान यंत्र, सोयीचं" म्हणून पिको गळ्यात मारला जातो. संध्याकाळपर्यंत ड्रेसिंग फुगतं, दिवा लागतो, दुसऱ्या दिवशी नवीन घ्या. उघड्या खोल जखमेसाठी हे पैसे पाण्यात. सात दिवसांनी पंप आपोआप थांबतो, तेव्हा "बिघडला" म्हणून दुकानदाराशी भांडू नका. तो तसाच बनवलाय.

चौथा प्रकार जखम आतून धुणारा, व्हेराफ्लोसारखा. यंत्र ठरलेलं सलाइन जखमेत सोडतं, साधारण दहा मिनिटं मुरू देतं, मग दोन-साडेतीन तास ओढतं, पुन्हा तेच. माती-शेण गेलेली, पू झालेली, आत लोखंड बसवलेली जखम असेल तर सर्जन हा मागतात. मोठ्या हॉस्पिटलातच शोभतो. सलाइन जास्त भरलं की फिल्म सुटते, आणि ते नीट बसवायला सवयीचा हात लागतो. स्वच्छ झालेल्या जखमेवर हा लावणं म्हणजे धुतलेलं भांडं परत परत घासणं.

यंत्र कुठलंही असो, निकाल ठरतो तो ड्रेसिंग करणाऱ्या हातावर. म्हणून ते कसं करतात ते नीट बघून ठेवा.

सुरुवात वेदनाशामक गोळीने, अर्धा-पाऊण तास आधी. पंप बंद करायचा, नळीचे क्लॅम्प लावायचे. मांस फोमच्या छिद्रांत शिरलेलं असतं, म्हणून तो कोरडा ओढला तर रक्तही येतं आणि रुग्णाचा विश्वासही जातो. सलाइन ओतून पंधरा ते तीस मिनिटं थांबायचं. थांबायला वेळ नाही म्हणणाऱ्या माणसाकडून व्हॅक बदलून घेऊ नये. फिल्मही वर उपटायची नसते. कातडीला समांतर ताणली की आपसूक सुटते. काढल्यावर थोडा वास येतो, तो तीन दिवस बंद राहिल्याचा. धुतल्यावरही राहिला, पाणी हिरवट आलं किंवा ताप असेल, तर मात्र डॉक्टरांनी बघितल्याशिवाय पुढचं पाऊल नाही.

काळं किंवा पिवळं मेलेलं मांस असेल तर ते आधी काढलं पाहिजे. व्हॅक ते ओढून काढत नाही, नुसतं झाकतो. मग भोवतालची कातडी धुऊन अगदी कोरडी करायची, केस कातरायचे, बॅरिअर फिल्मचा (कातडी जपणाऱ्या द्रवाचा) हात द्यायचा आणि जखमेच्या कडेने चिकट पट्ट्यांची चौकट करायची, म्हणजे फोम चांगल्या कातडीवर येणार नाही. आला तर तीन दिवसांत तिथे फोड ठरलेला. फोम जखमेच्या मापाचा कापायचा, आणि कापायचा तो जखमेपासून लांब, कारण कापताना भुगा पडतो. कडा चोळून झटकायच्या. जखमेत अलगद ठेवायचा, कोंबायचा नाही. जखमेतून आत गेलेल्या, तळ दिसत नसलेल्या बोळात फोमचा तुकडा सरकवायचा नाही. आणि किती तुकडे घातले तो आकडा फिल्मवरच मार्करने लिहायचा, तारखेसकट. पुढच्या वेळी दुसराच ब्रदर असतो. "३" लिहिलेलं असेल तर तो तिसरा तुकडा शोधतो. आत राहिलेला एक तुकडा जखम महिनोन्‌महिने वाहती ठेवू शकतो.

काळा फोम पॉलियुरेथेनचा, मोठ्या छिद्रांचा, मांस जलद भरणारा. पांढरा घट्ट, ओला येतो, कमी चिकटतो. स्नायुबंध उघडे असतील, बोळ असेल किंवा दुखणं सहन होत नसेल तिथे तो किंवा काळ्याखाली जाळीदार व्हॅसलीन गॉजचा थर. उघडी रक्तवाहिनी किंवा मज्जातंतू असेल तर फोम थेट त्यावर कधीच नाही. हाडावरचा पातळ पापुद्रा शाबूत असेल तर त्यावर मांस चढतं. पापुद्रा गेलेल्या पांढऱ्याफटक हाडावर महिनाभर व्हॅक लावला तरी ते हाड तसंच वाळत राहतं. तिथे फ्लॅपच (रक्तपुरवठ्यासकट आणलेलं कातडी-मांस) लागतो.

फिल्म कडेने तीन ते पाच सेंटीमीटर पुढे जावी, ताणून लावू नये. पायाला गोल वेढा तर मुळीच नको. सूज वाढली की तोच आवळपट्टा होतो. पट्ट्या तुकड्यांत लावायच्या आणि बोटांचा रंग, ऊब बघत राहायची. मधे अडीच सेंटीमीटरचं भोक, नुसती चीर नाही (चीर ओढताना परत मिटते), त्यावर पॅड. नळी हाडावरून किंवा टाचेखालून गेली तर नवीन जखम होते, म्हणून गरज असेल तिथे फोमची पट्टी फिल्मवरून मऊ भागापर्यंत नेऊन पॅड तिकडे बसवतात.

पंप सुरू केल्यावर अर्ध्या-एक मिनिटात फोम मनुक्यासारखा सुरकुतून कडक झाला पाहिजे. फुगीर राहिला तर गळती आहे, पडद्यावर काहीही आकडा असो. गळतीची ठिकाणं ठरलेली: जांघ, बोटांच्या बेचक्या, माकडहाडाखाली आणि बाहेरून बसवलेल्या फिक्सेटरच्या सळ्या. बारीक सूं आवाज कानाला लागत नसेल तर स्टेथोस्कोपचा पडदा काढून उघडी नळी फिल्मवरून फिरवली की जागा सापडते. सळीभोवती फिल्मचे दोन तुकडे समोरासमोर चिकटवून चिमटीने बंद करतात. बेचक्यांत स्टोमा पेस्ट भरतात. एप्रिल-मेमध्ये घामाने आणि पावसाळ्यात दमटपणाने फिल्म सुटते, तेव्हा वरून पट्ट्यांवर पट्ट्या चढवून भागत नाही. कातडी परत कोरडी करूनच नव्याने लावावं लागतं.

घरी नेताना सगळ्यात गंभीर गोष्ट रक्तस्रावाची. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००९ आणि २०११ मध्ये इशारे दिले. २००७ पासूनच्या नोंदींत १२ मृत्यू आणि १७४ इजा होत्या, आणि मृत्यूंपैकी बरेचसे घरी किंवा शुश्रूषा केंद्रात झालेले. नळीत किंवा डब्यात लालभडक रक्त दिसलं तर पंप लगेच बंद करायचा, ड्रेसिंग उघडायचं नाही, वरून हाताने घट्ट दाबून धरायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. फिकट गुलाबी पाणी पहिले एक-दोन दिवस चालतं. फ्रॅक्चरनंतर रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं, किंवा आधीपासून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर ते व्हॅक लावणाऱ्याला तोंडाने सांगा. फाइलमध्ये लिहिलंय यावर विसंबू नका. जखमेत कर्करोग असेल, हाडाचा संसर्ग उपचाराविना असेल किंवा कुठवर जातो ते न तपासलेला बोळ असेल तर व्हॅक लावत नाहीत. एमआरआयच्या खोलीत यंत्र न्यायचं नाही. नळी सोडून ड्रेसिंगसकट रुग्ण जातो, दोन तासांच्या हिशोबात.

डब्यात रोज जमतं ते नुसतं पाणी नसतं, त्यात प्रथिनं जातात. "भाताने पू होतो, अंडं उष्ण" म्हणून रुग्णाला पेजेवर ठेवणारी घरं अजून आहेत, आणि मग मांस का भरत नाही म्हणून यंत्राला दोष. मूत्रपिंड ठीक असेल तर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिन हवं. साठ किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम धरा आणि मग डाळ, दही, शेंगदाणे, मासे, चिकन यांची बेरीज करून बघा. रोजच्या ताटात बहुधा तेवढं भरत नाही. विडी-सिगारेट आणि चढलेली साखर हे दोघं मिळून तर कुठल्याही पंपाला हरवतात.

पैशांचं. यंत्राचं भाडं दिवसावर आणि किटची किंमत प्रत्येक बदलाला वेगळी, त्यात डबा कधी धरलेला असतो, कधी नसतो. म्हणून भाव विचारताना "दिवसाचे किती" असं न विचारता "दहा दिवस, चार वेळा बदल, डब्यांसकट एकूण किती" असं विचारा. फोमचा मोठा किट घेऊन दोन वेळा वापरू, असा सल्ला देणारे भेटतील. उघडलेला उरलेला फोम निर्जंतुक राहत नाही. विम्याकडून वापरून टाकायच्या वस्तू नाकारल्या जातात, तेव्हा टीपीएकडून (विम्याचे दावे हाताळणारी संस्था) लेखी घ्या. महात्मा फुले योजनेत असाल तर पॅकेजमध्ये व्हॅक धरलाय का, ते आरोग्यमित्राला लावण्याआधी विचारा, नंतर नाही. यंत्र ताब्यात घेताना त्यावरच्या ओरखड्यांचे फोटो काढा, डिपॉझिटची पावती घ्या आणि रात्री फोन उचलणारा माणूस कोण ते लिहून घ्या. काढलेलं ड्रेसिंग आणि भरलेला डबा घंटागाडीत टाकायचा नाही. बदलायला जाल तेव्हा हॉस्पिटलच्या जैव कचऱ्यात द्या.

भाडं कधी थांबवायचं, हे भाड्याने देणारा दुकानदार सांगणार नाही. तळ सगळीकडून लाल, दाणेदार, कातडीच्या पातळीला आला, पाणी कमी झालं, की पुढचा टप्पा स्किन ग्राफ्टचा, म्हणजे दुसरीकडची पातळ कातडी काढून इथे लावण्याचा. दोन बदलांमध्ये मापात काहीच फरक पडला नसेल तर तेव्हाही थांबून कारण शोधायचं. त्यासाठी प्रत्येक बदलाला पट्टी ठेवून लांबी, रुंदी, खोली लिहा आणि त्याच अंतरावरून फोटो काढा. ग्राफ्टवर सर्जन बहुधा परत व्हॅकच लावतात, पण हे काम वेगळं: कातडी हलू नये आणि खाली पाणी साचू नये एवढ्यासाठी. तेव्हा खाली न चिकटणारा थर असतो, दाब सलग, चालू-बंद मोडवर नाही, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ते कुणीही उघडायचं नाही. त्या पाच दिवसांचं भाडं पहिल्या हिशोबातच धरून ठेवा.